धागा: कथेतल्या 'वावकरां'ना भाषा कशी द्यावी?

कातळसडा
नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी एक दीर्घकथा लिहितोय आणि एका जागी अडलोय.

कथेच्या जागा दोन. एक विजयदुर्ग, दुसरी तिथून पश्चिमेला आंग्रिया बँक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं एक पठार आहे. सगळ्यात उथळ जागी वीसेक मीटर पाणी, खाली प्रवाळ, आणि नाव कान्होजी आंग्र्यांवरून पडलेलं. माझ्या कथेत तिथे एक जमात राहते. माणसं नाहीत, मत्स्यकन्या तर अजिबात नाहीत. माकलीच्या (स्क्विड-कटलफिशच्या) कुळातले, आठ हात, शिवाय भक्ष्य पकडायचे दोन लांब हात, आणि डोकं आपल्या तोडीचं. किनाऱ्यावरचे गाबीत मच्छीमार त्यांना 'वावकर' म्हणतात, इतक्या इतक्या वाव (पाण्याची खोली मोजायचं माप) पाण्यात राहणारे म्हणून. पाऊस सरला की अंडी घालायला ते विजयदुर्गाजवळच्या पाण्याखालच्या भिंतीपाशी येतात आणि तिथे त्यांची एका तांडेलाशी, म्हणजे होडीच्या म्होरक्याशी, गाठ पडते.

तर भाषा. शब्दकोशाची वही भरत आलीय. वाक्यंही करतो. 'मी तुला काल भिंतीपाशी पाहिलं' म्हणजे 'ओश तीत ग्रोम दुल्लखे मेख'. कागदावर बरं दिसतं, पण मोठ्याने वाचलं की पौराणिक मालिकेतला राक्षस बोलतोय असं वाटतं. कुठे हात घालू?

अर्धीवाटी
ग्रोम दुल्लखे मेख. आमच्या शेजारच्या काकांचा मिक्सर सकाळी साडेसहाला हेच म्हणतो.

व्याकरणवेताळ
मिक्सरचं सोडा. वाक्य सुटं करून बघा. ओश = मी. ती = तू, पुढचा 'त' म्हणजे आपला 'ला'. ग्रोम = काल. दुल्ल = भिंत, 'खे' म्हणजे 'पाशी'. मेख = पाहिलं, आणि क्रियापद इमानदारीत शेवटी. ही मराठीच आहे, फक्त सदरा दुसरा घातलाय. भाषा रचणाऱ्या बहुतेकांची पहिली वही अशीच असते. शब्द नवे, सांगाडा घरचा.

यातून सुटायची एक पद्धत म्हणजे सांगाडा मुद्दाम मोडणं. मार्क ओक्रँडने १९८४ च्या 'स्टार ट्रेक' सिनेमासाठी परग्रहवासीयांची क्लिंगन भाषा रचली तेव्हा कर्म-क्रियापद-कर्ता असा क्रम घेतला, कारण माणसांच्या भाषांत तो फारच क्वचित सापडतो. 'अवतार' सिनेमासाठी पॉल फ्रॉमरने केलेल्या नावीमध्ये आकडे आठाच्या पटीत चालतात, कारण त्या लोकांच्या एका हाताला बोटं चार. आपल्याकडे मदन कार्कींनी 'बाहुबली'तल्या कालकेय टोळीसाठी किलिकी केली.

पण या तिन्ही भाषांना एक बंधन होतं जे तुम्हाला नाही. त्या शेवटी नटाच्या तोंडून निघायच्या होत्या. म्हणजे परग्रहवासी असो की कालकेय, त्याला जीभ, टाळू, दात माणसाचेच द्यावे लागले. तुमची कथा छापील आहे, तिथे नट नाही. मग वावकरांच्या तोंडी स्वर-व्यंजनं हवीतच कशाला?

अर्धीवाटी
ओठ नसतील तर प-वर्ग काढून टाका! मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण लिहिलंय, प फ ब भ म एकही नाही. रामकथा सांगायची आणि 'राम' म्हणायचं नाही, म्हणजे बघा. वावकरांचं त्यापुढे काय.

खारफुटी
ओठ नाहीत तशी फुप्फुसंही नाहीत हो. मोरोपंतांना निदान श्वास होता.

मत्स्यविज्ञान शिकलेय, त्यामुळे राहवत नाही. कातळसडा, वही बाजूला ठेवा आणि आधी प्राणी बघा. माकली रंग बदलते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कसं ते फार कमी जण बघतात. तिच्या कातडीत रंगाच्या बारीक बारीक पिशव्या असतात. प्रत्येक पिशवीभोवती स्नायू आणि त्या स्नायूंना थेट मेंदूकडून आलेल्या नसा. स्नायू आखडला की पिशवी ताणून पसरते आणि ठिपका दिसतो, सैल पडला की मिटते. त्यामुळे सरड्याचं निवांत काम इथे नाही, डोळ्याचं पातं लवायच्या आत अख्ख्या अंगाची नक्षी पालटते. बंदरावर ताजा माल उतरतो तेव्हा क्रेटमध्ये वाकून बघा. माकली मेलेली असते, तरी पाठीवरचे तपकिरी ठिपके उघडमीट करत असतात. बोट टेकवलं की तेवढ्याच जागी डाग गडद होतो, पसरतो आणि विरून जातो. बाजूला कोळीण बर्फ मारत असते, तिला त्याचं काही नाही.

आता गंमत. ही एवढी रंगारी, पण तिला स्वतःला रंग दिसत नाहीत. डोळ्यात प्रकाश टिपणारं रंगद्रव्य एकाच प्रकारचं. त्याऐवजी तिला प्रकाशाचं ध्रुवीकरण दिसतं, जे आपल्याला दिसत नाही. तसाही पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच गडप होतो. म्हणून 'राग आला की लाल' वगैरे लिहू नका. उजेड-काळोख, ठिपक्यांची ठेवण आणि त्यांची हालचाल, एवढंच त्यांच्या कामाचं.

हालचालीवरून आठवलं. काही जाती शिकारीच्या वेळी जागच्या जागी थांबतात आणि अंगावरून काळे पट्टे सरकवत नेतात. प्राणी स्थिर, पट्टे चालू.

व्याकरणवेताळ
अहो, हे तर आयतं क्रियापद आहे!

पट्टा डोक्याकडून शेपटाकडे गेला तर 'मी करतोय', शेपटाकडून डोक्याकडे आला तर 'माझ्यावर होतंय'. मग देणं-घेणं, विकणं-विकत घेणं, पाठलाग करणं-पाठलाग होणं असे जोडशब्द लागतच नाहीत. नक्षी एकच, दिशा उलटी. जो प्राणी सकाळी कोळंबी खातो आणि दुपारी मुशीच्या तोंडी जाऊ शकतो, त्याच्या भाषेत 'खाणं' आणि 'खाल्लं जाणं' इतकं जवळ असणं मला पटतं.

मुक्काम_पुणे
सगळं मान्य, पण वाचकाला याचं काय? दिवाळी अंक लोक फराळ खात चाळतात. चार तिरक्या ठशातले शब्द टाका, 'ते गूढ भाषेत बोलले' म्हणा आणि गोष्ट पुढे न्या. भाषेच्या नादात गोष्ट राहून गेलेले लेखक मी पाहिलेत.

हातवारे
मुक्काम, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण 'गूढ भाषेत बोलले' हे वाक्य वाचलं की मी अंक मिटतो.

मी कर्णबधिर मुलांना शिकवतो. त्या अनुभवातून एक सांगतो. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी केलेली मराठी किंवा हिंदी नव्हे. तिचं व्याकरण तिचं आहे. प्रश्नवाचक शब्द वाक्याच्या शेवटी येतो, 'तू कुठे राहतोस' यातला 'कुठे' सगळ्यात शेवटी. आणि मुख्य म्हणजे बोलताना आपल्याला एकामागून एक ध्वनी काढावे लागतात, तोंड एकच असल्यामुळे. सांकेतिक भाषेत हात एक सांगतात, चेहरा त्याच क्षणी दुसरं. भुवया, खांदे, नजर हे सगळं व्याकरणच असतं. नवीन शिक्षक फक्त हातांकडे बघतात, म्हणून त्यांना अर्धंच कळतं. मुलं हसतात.

वावकरांना तर अख्खं अंग आहे. त्यांचं वाक्य ओळीत का असावं? ते एकदम अंगभर उमटेल.

खारफुटी
हातवारेसर, तुमच्या मुद्द्याला जोड देते. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या एका जातीबद्दल २०१२ साली एक निरीक्षण प्रसिद्ध झालं. नर मादीशेजारी पोहतो. मादीकडच्या कुशीवर त्याची प्रणयाराधनेची नक्षी असते. त्याच वेळी पलीकडे दुसरा नर असेल तर त्याच्या बाजूच्या कुशीवर हा चक्क मादीची नक्षी काढतो. पलीकडच्याला वाटतं, दोन माद्या चालल्यात. दोन कुशी, दोन विधानं, त्यातलं एक धडधडीत खोटं.

अर्धीवाटी
आमच्याकडे यालाच 'लग्न ठरवणं' म्हणतात.

कातळसडा
वही मिटली. खरंच मिटली.

दोन कुशींवरून असं सुचतंय: डावी कूस म्हणजे मी स्वतः पाहिलेलं, उजवी कूस म्हणजे दुसऱ्याकडून कळलेलं. आपण 'तो आला म्हणे' म्हणतो त्यातला 'म्हणे' त्यांच्या उजव्या अंगावर. म्हणजे प्रत्येक वाक्यात कोणी काय पाहिलं आणि काय ऐकलं हे सांगणं भागच पडेल.

हातवारे
चांगलं आहे, पण ऐकणारा कुठे आहे ते विसरू नका. डाव्या बाजूला असलेल्याला फक्त तुमची साक्ष दिसेल, उजव्या बाजूच्याला फक्त कुजबूज. यातून रीतीभाती निघतात बघा. पाहुण्याला डावीकडे घ्यायचं. एखाद्याला सतत उजवीकडे ठेवणं म्हणजे अपमान, 'तुला फक्त गावगप्पा'. आणि अगदी समोर आलं तर दोन्ही कुशी थोड्या थोड्या दिसतात, म्हणून समोरून बोलणं हे जिवलगांचं. चार जणांची बैठक कशी बसेल ते चित्र काढून बघा, मजा येईल.

गजालीकर
रे बाबा, ह्या सगळा बरा असा. पण होडयेतल्या माणसाक वरसून पाठच दिसतली. कुशी खंय दिसतत? आणि पाणी गढूळ झाला काय ता पण दिसाचा नाय.

खारफुटी
गजालीकरांनी एका ओळीत कथा फिरवली!

पाठ म्हणजे काय? ती वरून बघणाऱ्या शत्रूसाठी. तिच्यावर वाळू, खडक, शेवाळ यांची नक्षी असते. पाठ कायम म्हणत असते, 'इथे कुणी नाही.'

कातळसडा
म्हणजे गाबितांच्या कैक पिढ्यांना वावकरांचं हे एकच वाक्य दिसलंय आणि तेही आपल्यासाठी नसलेलं. अंगावर काटा आला. तांडेलाच्या आज्याच्या तोंडी 'त्यांका बोलाक येणा नाय' असं वाक्य आधीच होतं, ते आता जागेवर बसलं.

मुक्काम_पुणे
हां, आता गोष्ट दिसायला लागली. मागचे शब्द परत घेत नाही, पण वाचतोय.

व्याकरणवेताळ
गढूळ पाण्याचा मुद्दा सुटायला नको. पावसात खाडीमुखाशी लाल माती उतरते, हातभर अंतरावरचं दिसत नाही. दिसणारी भाषा असलेल्या प्राण्याने तेव्हा काय करायचं?

माझं मत: पावसाळी बोली वेगळी. स्पर्शाची. आठ हात आहेत, हातावर चूषक आहेत, चिकटवून दाबून बोला. आणि स्पर्शात कूस नसते, म्हणजे पाहिलेलं-ऐकलेलं हा भेद तिथे पुसला जातो. पावसाळ्यात वावकरांत अफवा माजतात!

घाटावरच्या बैलबाजारात रुमालाखाली हात घालून सौदा होतो तो पाहिलाय का कुणी? दलाल समोरच्याची बोटं धरतो, दाबतो, चेहरा मख्ख. भोवती पन्नास माणसं असतात, पण आकडा फक्त दोघांना कळतो. स्पर्शाची बोली आपल्याकडेही आहे, फक्त व्यवहारापुरती.

कातळसडा
आकड्यांवरून विचारणारच होतो. हात आठ, म्हणून अष्टमान घ्यावं का?

व्याकरणवेताळ
नको. ते नावीत होऊन गेलंय आणि तिथे बोटांमुळे ते शोभतंही. पण हात मोजायचे कशाला हा प्रश्न राहतोच. आपण बोटं मोजतो कारण ती डोळ्यांसमोर स्वस्थ राहतात. यांचे हात कधी स्वस्थ असतात?

खारफुटी
इथे एक खरी माहिती आहे. फराओ कटलफिश नावाची जात आपल्या किनाऱ्यावर भरपूर मिळते, निर्यातीत मोठा वाटा तिचा. तिच्या पिल्लांवरचे प्रयोग २०१६ मध्ये छापून आले. एका बाजूला चार कोळंब्या, दुसरीकडे पाच. पिल्लं पाचाकडे वळतात. म्हणजे चार-पाचातला फरक त्यांना कळतो.

माझी सूचना: पाचापर्यंतचे आकडे कातडीवर, एका नजरेत दिसणारे. त्यापुढची मोजणी फक्त स्पर्शात. उघड्यावर मोठा आकडा बोलायचाच नाही.

कातळसडा
म्हणजे रुमालाखालचा सौदाच. घेतलं. 'जाळ्यात किती गेले' हे वावकर चारचौघांत सांगूच शकत नाहीत, एकेकाचा हात धरून सांगावं लागतं. याने माझा तिसरा भाग सुटतो.

नात्यांचे शब्द मात्र करून ठेवलेत: आई, बाप, आजी, मावशी, आते. त्यांना नक्षी देऊ ना?

खारफुटी
थांबा! सगळ्यात मोठी अडचण इथेच आहे आणि सगळ्यात मोठी संधीही.

माकलीच्या कुळात बहुतेक जाती आयुष्यात एकच वीण घालतात. अंडी घातली की काही दिवसांत मादी मरते, नरही उरत नाही. एकूण आयुष्यच वर्षा-दोन वर्षांचं. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याला ना आई दिसते ना बाप. आजी तर कुठून येणार. तुम्ही वावकरांचं आयुष्य वाढवलंत तरी ही रीत ठेवा असं मी सांगेन, कारण मग खरा प्रश्न उभा राहतो: भाषा शिकवतं कोण?

आणि याचं उत्तरही प्राण्यातच आहे. पिल्लाचे डोळे अंड्यात असतानाच काम करू लागतात. वाढताना अंड्याचं आवरण ताणून पातळ होतं, आतून बाहेरचं दिसतं. युरोपातल्या जातीवर प्रयोग झालेत. अंड्याबाहेर खेकडे ठेवले तर ते बघत वाढलेली पिल्लं बाहेर आल्यावर खेकड्यांकडे जास्त जातात. एरवी त्यांची पहिली पसंती कोळंबीला. म्हणजे शाळा अंड्यातच भरते.

व्याकरणवेताळ
मग 'आई'ऐवजी 'जो माझ्या अंड्यासमोर बोलला तो'. हेच मूळ नातं! बाकी नाती त्यावरून. शेजारच्या अंड्यातला तो भाऊ, मग आई कोणाची का असेना. एकाच गुरूने दोन वेगळ्या भिंतींवर शिकवलेले ते चुलत. आणि ज्याच्या अंड्यासमोर कुणीच बोललं नाही, तो? त्याला नक्षी काढता येते पण अर्थ कळत नाही.

हातवारे
हा शेवटचा मुद्दा जपून वापरा, विनंती. ऐकू न येणाऱ्या मुलांना सांकेतिक भाषा वेळेवर मिळाली नाही तर काय होतं ते मी वर्गात पाहतो. मूल हुशार असतं, त्याला भाषाच मिळालेली नसते. असा वावकर कथेत आणलात तर त्याला वेडा किंवा राक्षस करू नका.

कातळसडा
नाही करणार सर. खरं तर तोच तांडेलाजवळ येईल असं आता वाटतंय. भिंतीच्या ज्या टोकाला शिकवणारा पोचलाच नाही, तिथल्या अंड्यातला. त्या टोकाला फक्त होडी नांगरलेली असायची.

अर्धीवाटी
शंका. शाई कुठे गेली? एवढी शाईवाली जमात आणि लिपी नाही?

खारफुटी
लिपी पाण्यात टिकायची नाही, पण शाईचा एक उपयोग सांगते. धोका वाटला की काही जाती शाई चिकट द्रवासकट सोडतात. तिचा साधारण स्वतःच्याच आकाराचा गोळा पाण्यात तरंगत राहतो, शत्रू त्याच्यावर तुटून पडतो आणि खरा प्राणी फिकट होऊन सटकतो.

व्याकरणवेताळ
'जो इथे नाही त्याच्याबद्दल' बोलायचं असेल तर शाईचा ठिपका सोडायचा आणि त्याच्याकडे हात करायचा. तृतीयपुरुषी सर्वनाम. ठिपका विरला की विषय संपला. गैरहजर माणसाची निंदा करायला वेळ मोजकाच मिळतो, ही फार सभ्य भाषा झाली.

गजालीकर
मगे आमच्या वाडीत शाई पुराची नाय.

मुक्काम_पुणे
😄 आता माझी शंका. तांडेल आणि वावकर बोलणार कसे? एकाला कातडी वाचता येत नाही, दुसऱ्याला आवाज ऐकू येत नाही. शेवटी तुम्ही मनातलं ओळखणारा एखादा शंख आणाल, मला भीती वाटते.

खारफुटी
आवाज अगदीच कळत नाही असं नाही. कान नाहीत, पण तोल सांभाळायचा अवयव असतो, त्यातून कमी वारंवारतेची कंपनं जाणवतात. बारीक किणकिण नाही, दणका. होडीच्या फळीवर वल्हं आपटलं तर खाली नक्की कळेल. पाण्यात आवाज सेकंदाला दीडेक हजार मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त.

व्याकरणवेताळ
मग कातळसडा, ऐका. वावकरांची पूर्ण भाषा तुमच्याजवळ राहू दे, कागदावर फार थोडी येऊ दे. कागदावर आणायची ती तिसरीच भाषा, दोघांच्या मधली. तांडेल वल्हं आपटून बोलणार, तो अंगावर उत्तर देणार. कोणीही दुसऱ्याची भाषा 'बोलत' नाही, दोघं फक्त समजून घेतात.

अशा मधल्या भाषा खरोखर होत्या, त्यातही मासळीच्या धंद्यात. उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावर रशियन व्यापारी धान्य आणायचे आणि मासे न्यायचे. त्यातून रुसेनोर्स्क नावाची बोली झाली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. शब्द सगळे मिळून चारेकशे. आणि 'मध्ये, वर, कडे, पासून, चा' या सगळ्यांना मिळून जवळजवळ एकच शब्दयोगी अव्यय: 'पो'. लोकांनी त्यावर हंगामच्या हंगाम काढले. भांडणं आणि उधारीसुद्धा.

तुमच्या तांडेलाला एवढेही शब्द नकोत. वीस पुरे. 'आहे', 'नाही', 'जाळं', 'मुशी', 'थांब', 'पुन्हा', 'कुठे'. मात्र ते हाती येताना वाचकाला दिसले पाहिजेत. कोणता ठोका कशामुळे ठरला, कोणता गैरसमजातून ठरून गेला.

मुक्काम_पुणे
हे मला चालेल. फराळासकट.

कातळसडा
काल रात्री बसून हा तुकडा लिहिला. दोन रकाने म्हणजे दोन कुशी, मधल्या रेघेने दाखवल्यात. डावीकडे पाहिलेलं, उजवीकडे ऐकलेलं. बघा जमतंय का.

«षष्ठीची संध्याकाळ, सहा वाजले होते. उधाणाची भरती टिपेला होती. तांडेलाने वल्ह्याचा दांडा फळीवर दोनदा आपटला आणि थांबला. खाली काहीच नव्हतं, वाळूचा एक उंचवटा होता. मग उंचवटा कुशीवर कलला. माणसाला दिसावं म्हणून कुणी असं आडवं होतं हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

दोन ठोके आले | होडी म्हणजे मरण
दोन ठोके आले | होडी म्हणजे मरण
दोन ठोके आले |

उजवी बाजू कोरी राहिली. तांडेलाला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. त्याने आपलं पुन्हा दोनदा आपटलं.»

हातवारे
कोरी बाजू आवडली. तो 'ऐकलेलं' सांगायचं थांबवतो आणि माणसाला ते कळतच नाही. यापुढे समजावून सांगणारं एकही वाक्य टाकू नका.

व्याकरणवेताळ
पण याच्या अंड्यासमोर कुणी बोललं नव्हतं ना? मग 'होडी म्हणजे मरण' त्याने ऐकलं कुठे?

कातळसडा
पावसाळी बोलीत. हात धरून धरून इतरांनी तेवढं एकच त्याच्यात भरलंय. अफवा.

व्याकरणवेताळ
मानलं.

खारफुटी
रेघ बघा हं, छापताना अंकवाले उडवतील. मोबाइलवर तर रकाने एकाखाली एक येतात आणि दोन्ही कुशींची एकच होते. त्यांना आधीच बजावून ठेवा.

पाऊणतास
सगळा धागा वाचला, छान चाललंय. पण षष्ठीला सहा वाजता भरती टिपेला? तिथीला पाऊणाने गुणलं की भरतीची वेळ मिळते: सहा पाऊणे साडेचार. साडेचारला पूर्ण भरती, सहाला पाणी चांगलंच उतरलेलं असेल. शिवाय षष्ठीला उधाण नसतं, पाणी भांगाकडे, म्हणजे कमी चढउताराच्या दिवसांकडे, निघालेलं असतं. मासेमारीची कथा आहे, देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुणीही पकडेल.

कातळसडा
अष्टमी केली तर? आठ पाऊणे सहा.

पाऊणतास
वेळ जमेल, पण अष्टमी म्हणजे पुरता भांग, उधाणाचं नाव काढू नका. उधाण हवं तर पौर्णिमा किंवा अमावास्या आणि पुढचे एक-दोन दिवस. तेव्हा भरती दुपारी बारा-एकच्या सुमाराला, म्हणजे संध्याकाळी सहाला खडखडीत ओहोटी. मला विचाराल तर ओहोटीच घ्या. भिंतीवर पाणी सगळ्यात कमी, कूस तेव्हाच दिसेल. भर भरतीत तांडेलाला इतक्या खालचं काय दिसणार होतं?

अमावास्या मात्र नको, सातला मिट्ट काळोख. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्तालाच उगवतो, प्रसंग लांबवता येईल.

कातळसडा
मग नारळी पौर्णिमा! दर्याला नारळ, पहिली होडी, पहिली भेट. आपोआप जुळून आलं.

गजालीकर
नारळी पुनवेक तांडेल भिंतीर खंय जातलो? तो पूजेक असतलो. आणि पाणी तेवा लाल असता, तुझी कूस कोणाक दिसाची नाय. कोजागिरी घे.